सायलेन्सरची बखर

आपल्याकडे मोटारसायकलला फटफटी म्हणतात. यंत्रयुगाच्या आरंभी लोकांना त्या वाहनाविषयी जे काही वाटले, ते सगळे या एका शब्दात उतरले आहे. चाके, साखळी, पेट्रोलची टाकी यांपैकी कशावरूनही लोकांनी त्याला नाव दिले नाही. नाव पडले ते मागच्या नळीतून निघणाऱ्या आवाजावरून. वाहन दिसण्याआधी ऐकू येत होते, आणि ज्याने ते ऐकले त्याने त्याचे बारसे केले. मालकाने नव्हे, रस्त्याकडेच्या माणसाने!

मोटारींच्या इतिहासावर आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा संस्थानिकांच्या गाड्यांवर. कोणत्या महाराजांच्या पागेत किती रोल्स रॉइस होत्या, कुणाच्या गाडीला चांदीचा मुलामा होता, याच्या कथा चवीने सांगितल्या जातात. त्या वाचायला मलाही आवडतात. पण गाडीच्या पोटाखाली, चिखलाचे शिंतोडे खात लटकणाऱ्या त्या काळ्या नळकांड्याविषयी कुणी चार ओळी लिहीत नाही. जुन्या गाड्यांच्या मेळ्यात लोक पितळी दिव्यांचे, रेडिएटरचे फोटो काढतात. सायलेन्सरचा फोटो काढण्यासाठी जमिनीवर पालथा झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मला या विषयात ओढले ते एका साध्या प्रश्नाने. जुन्या गाडीचा सडलेला सायलेन्सर बदलायचा झाला, तर त्या जागी काय बसवायचे? होते तसेच, की त्याहून चांगले? आणि ‘चांगले’ म्हणजे कुणासाठी चांगले? वरवर हा मिस्त्रीचा प्रश्न आहे. पण त्याच्या उत्तरासाठी शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

●

आधी हे नळकांडे करते काय ते पाहू. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचा भडका उडतो, दट्ट्या खाली जातो, आणि तो पुरता खाली पोचायच्या आतच धूर बाहेर जाण्याची झडप उघडते. त्या क्षणी आतल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक आणि तापमान कित्येक शे अंश असते. हा कोंडलेला वायू एकदम मोकळा सुटतो तो बंदुकीच्या बारासारखा. असे बार मिनिटाला शेकड्यांनी उडतात.

सायलेन्सर त्या वायूला घरातल्या घरात जरा फिरवून आणतो. अरुंद नळीतून तो मोठ्या डब्यात येतो, तिथे फुगतो, थंडावतो, पडद्यांवर आपटतो, भोकांतून वाट काढतो आणि मग निमूटपणे बाहेर पडतो. दुसरी तऱ्हा अशी की सरळ नळीलाच बारीक भोके पाडायची आणि तिच्याभोवती काचेची लोकर किंवा तसलेच काही ठासून भरायचे. आवाज त्या लोकरीत जिरतो आणि वायू सरळ जातो. पहिल्या तऱ्हेत वायूला अडथळा होतो आणि इंजिनाची थोडी शक्ती खर्ची पडते. या एका ‘थोडी’वरून पुढे सगळी भांडणे झाली.

अमेरिकेतील इंडियाना राज्यात कोलंबस नावाचे गाव आहे. तिथल्या मिल्टन रीव्ह्ज आणि मार्शल रीव्ह्ज यांनी १८९७ मध्ये इंजिनाचा आवाज दाबण्याच्या साधनाचे पेटंट घेतले. रस्त्यावर तेव्हा घोड्यांचे राज्य होते, आणि मोटारीचा पहिला शत्रू म्हणजे बुजलेला घोडा. याच मिल्टन रीव्ह्जने पुढे १९११ मध्ये आठ चाकांची मोटार काढली, ती कुणी घेतली नाही; मफलर मात्र जगभर गेला.

दुसरे नाव हायरम पर्सी मॅक्सिम यांचे. मशीनगन काढणाऱ्या हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम यांचे हे चिरंजीव. वडिलांनी जगातले सर्वांत कर्कश यंत्र बनवले आणि मुलाने १९०९ मध्ये बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या सायलेन्सरचे पेटंट घेतले, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. पुढे इंजिनांसाठीही त्यांनी सायलेन्सर केले. बंदुकीची नळी आणि मोटारीची नळी, दोहोंचे दुखणे एकच होते.

पण लोकांना शांतता हवी होती का? मालकांना तर नक्कीच नको होती. त्या काळच्या अनेक गाड्यांत ‘कटआऊट’ नावाची एक सोय असे. पायाशी एक खटका. तो दाबला की सायलेन्सरच्या अलीकडेच एक झडप उघडे आणि धूर थेट बाहेर. चढ लागला, शक्ती हवी झाली, की दाबावा, असा त्याचा सांगण्याचा उपयोग. प्रत्यक्षात तो गावात शिरताना अधिक दाबला जाई. लोक वैतागले, आणि हळूहळू देशोदेशी कटआऊटवर बंदी आली.

●

या भांडणाचा सर्वांत मोठा आखाडा इंग्लंडमध्ये होता. लंडनच्या नैऋत्येला सरे परगण्यात वेब्रिज हे गाव आहे. तिथे ह्यू लॉक किंग या जमीनदाराने आपल्या जागेत खास मोटारींच्या शर्यतींसाठी मार्ग बांधला. नाव ब्रुकलँड्स. १९०७ च्या जूनमध्ये तो सुरू झाला. पावणेतीन मैलांचे वर्तुळ, वळणांवर भिंतीसारखे उभे चढ, सगळे काँक्रीटचे.

मार्ग सुरू झाला आणि त्याच महिन्यात एस. एफ. एज याने नेपियर गाडी सलग चोवीस तास चालवून दाखवली. १५८१ मैल, ताशी सरासरी ६५ मैलांहून अधिक! वृत्तपत्रांनी कौतुक केले. पण एजच्या विक्रमाची ती रात्र आसपासच्या बंगल्यांतल्या लोकांनी टक्क जागून काढली होती. त्यांच्या तक्रारींमुळे ब्रुकलँड्सवर रात्री गाडी चालवणे बंद झाले ते कायमचेच. पुढे १९२९ मध्ये तिथे चोवीस तासांची शर्यत घ्यायचे ठरले तेव्हा तिचे दोन तुकडे करावे लागले: एक दिवस बारा तास, दुसरा दिवस बारा तास, आणि मधल्या रात्री गाड्या कुलपात. शर्यतीचे नावच पडले ‘डबल ट्वेल्व्ह’. जगाच्या मोटार-इतिहासात ही शर्यत मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. शेजाऱ्याची झोप हे तिच्या आकाराचे कारण होते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

रात्र वाचली तरी दिवसाचे काय? महायुद्धानंतर गाड्या अधिक मोठ्या, अधिक वेगवान झाल्या. १९२० नंतरच्या दशकाच्या मध्यावर रहिवासी कोर्टात गेले, आणि त्यातून ‘ब्रुकलँड्स सायलेन्सर’ जन्माला आला. धावणाऱ्या प्रत्येक गाडीला तो सक्तीचा. हा एक भलामोठा डबा. त्याच्या मागे चपटी, माशाच्या शेपटीसारखी पसरलेली तोटी. शर्यतीच्या सडपातळ गाडीच्या कुशीला तो डबा म्हणजे पैलवानाच्या कमरेला बांधलेली घागर. चालकांनी नाके मुरडली, शक्ती गेली म्हणून बोटे मोडली. पण डबा बसवल्याशिवाय मार्गावर जाता येईना, तेव्हा तंत्रज्ञ कामाला लागले. नळीची लांबी किती, डब्यात वायू कुठून शिरावा, तोटी किती पसरावी, याचे प्रयोग झाले, आणि आवाज कमी करूनही वेग राखता येतो हे ध्यानात आले. जे सक्तीने आले त्यातून शास्त्र वाढले.

ब्रुकलँड्सच्या शर्यती १९३९ मध्ये थांबल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, ती जागा विमाने बनवणाऱ्या विकर्स-आर्मस्ट्राँग्स कंपनीला विकली गेली. आता तिथे संग्रहालय आहे. आणि गंमत पाहा: आज त्या काळची गाडी जपणारे हौशी लोक मुद्दाम ब्रुकलँड्स सायलेन्सरची नक्कल करवून घेतात. जो डबा मूळ मालकांना शिक्षा वाटत होता तो आज दागिना झाला आहे. म्हणजे ज्याला आपण आज ‘अस्सल’ म्हणतो, तीच एके काळी शेजाऱ्यांनी लादलेली सुधारणा होती.

●

अस्सलपणाचा मुद्दा निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगायला हवी. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या गाडीचा कारखान्यातून आलेला सायलेन्सर आज शिल्लक असणे हे जवळजवळ अशक्यच. एक लिटर पेट्रोल जळले की त्यातून सुमारे एक लिटर पाणी तयार होते, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. ते वाफेच्या रूपाने जाते. गाडी लांबवर चालली तर नळी तापते आणि सगळी वाफ बाहेर पडते. पण जुनी गाडी बहुधा दसऱ्याला पूजेपुरती बाहेर काढतात, चौकापर्यंत नेतात आणि परत लावतात. तेवढ्यात नळी तापत नाही, वाफेचे पाणी डब्याच्या तळाशी साचते आणि पत्रा आतून गंजतो. धावणाऱ्या गाडीचा सायलेन्सर टिकतो, जपलेल्या गाडीचा सडतो!

त्यात शिशाच्या पेट्रोलची भर पडली. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घातले की इंजिन ठोके देत नाही असा शोध लावला, आणि १९२३ पासून तसे पेट्रोल विकले जाऊ लागले. ते शिसे इंजिनात साठू नये म्हणून त्यासोबत ब्रोमीन-क्लोरीनची संयुगे घालत. त्यांची आम्ले सायलेन्सरच्या पत्र्यावर उतरत. पत्र्याचे जे झाले ते झाले. त्याच धुरातले शिसे दोन-तीन पिढ्यांच्या मुलांच्या रक्तात गेले. भारतभर शिसेविरहित पेट्रोल आले ते १ फेब्रुवारी २००० रोजी, आणि जगातल्या रस्त्यांवरून शिशाचे पेट्रोल पूर्णपणे गेले ते थेट २०२१ मध्ये, अल्जीरियात शेवटचा साठा संपल्यावर.

गंजावरचा उपाय पुन्हा बंदुकीकडूनच आला. १९१३ मध्ये शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली हे बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम घालून पाहत होते. सुमारे १३ टक्के क्रोमियम घातलेले एक पोलाद गंजेना. त्याच्या आधी सुऱ्या-काटे झाले, मग आपल्या घरातली ताटे-वाट्या. सायलेन्सर फार उशिरा झाले. १९६० नंतर खास धुराच्या नळ्यांसाठी स्वस्त स्टेनलेस पोलाद निघाले, आणि आज जुन्या गाडीचा सायलेन्सर ‘सुधारायचा’ म्हटले की पहिला शब्द तोच उच्चारला जातो.

●

आता प्रत्यक्ष उदाहरण घेतो. माझ्या परिचयाच्या एका घरात १९१७ सालची फोर्ड मॉडेल टी आहे. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीवर बनलेल्या गाड्यांपैकी ही एक. ब्रिटिश साम्राज्यातल्या बहुतेक देशांप्रमाणे आपल्याकडेही त्या कॅनडातल्या फोर्ड कारखान्यातून येत. या गाडीचा सायलेन्सर म्हणजे दोन टोकांना बिडाची झाकणे आणि मध्ये एकात एक बसवलेली पत्र्याची तीन नळकांडी. पत्र्याची चाळण झालेली, झाकणे मात्र शाबूत. काका आणि पुतण्या यांच्यात वाद चालला होता आणि जुनी पुस्तके चाळणारा म्हणून मला मध्ये घेतले गेले.

“काका, आता बदलतोच आहोत तर मोठ्या पाइपाचा फ्री-फ्लो बसवू. गाडी मोकळा श्वास घेईल,” पुतण्या म्हणाला.

“अरे, तिला कुठे पळायचंय? आणि तिचा आवाज बदलला तर ती तीच गाडी राहील का?” काकांचे म्हणणे.

मी कागदावर हिशेब मांडला. मॉडेल टीचे इंजिन २.९ लिटरचे, शक्ती वीस अश्वशक्ती, तीही मिनिटाला सोळाशे फेऱ्यांवर. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा श्वास, म्हणजे मिनिटाला आठशे वेळा २.९ लिटर; सुमारे २३२० लिटर. आजच्या १.२ लिटरच्या छोट्या मोटारीचे इंजिन सहा हजार फेऱ्यांवर मिनिटाला ३६०० लिटर घेते आणि साध्या सायलेन्सरमधून सोडते. तेव्हा या आजीबाईंचा श्वास कोंडतो ही समजूतच चुकीची. उलट नळी गरजेपेक्षा रुंद केली की वायूचा वेग मंदावतो, आणि हळू चालताना जी ओढ हवी तीच कमी होते. इंजिनाला ‘बॅकप्रेशर लागतेच’ असे काही मिस्त्री सांगतात, तेही खरे नाही. लागतो तो वायूचा वेग. त्याला अडथळा नको आणि मैदानही नको.

मग सुधारणेला जागा कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी. पहिली जागा माणसाच्या फुप्फुसात. जुन्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. मॉडेल टीचा तळ लाकडी फळ्यांचा, फळ्यांत फटी. मॅनिफोल्डचा सांधा सैल असला की तो धूर थेट बसणाऱ्याच्या पायाशी येतो. म्हणून सांध्याचे पॅकिंग, स्टडवर पितळी नट (ते तापून जाम होत नाहीत) आणि गाडीच्या मागच्या टोकापर्यंत पोचणारी नीट तोटी यावर खर्च करावा. जुन्या नळ्यांवर आणि सायलेन्सरवर ॲस्बेस्टॉस गुंडाळलेले असे. ते कोरडे खरवडू नये, तोंडावर चांगला मास्क लावून आणि ते ओले करूनच जाणत्याने काढावे. त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर काही दशकांनी जीव घेतात.

दुसरी जागा टिकाऊपणाची. स्टेनलेस वापरावे, पण त्याचा स्वभाव ओळखून. तापल्यावर ते साध्या पोलादापेक्षा अधिक वाढते. दोन मीटरची नळी तीनशे अंशांनी तापली तर साधे पोलाद सुमारे सात मिलिमीटर वाढेल, भांड्यांच्या जातीचे स्टेनलेस दहा. जुन्या घट्ट कड्यांत ते आवळून बसवले तर ताण मॅनिफोल्डवर येतो आणि शंभर वर्षांचे बीड तडकते. कड्यांना हलायला वाव ठेवला की काम भागते. पातळ स्टेनलेसचा आवाज डबा वाजवल्यासारखा चिरका येतो ही जुन्या मालकांची तक्रारही खरी. पत्रा जाड घेतला तर ती बरीच कमी होते.

बेळगावला ओतकामाची आणि लेथची परंपरा मोठी. बिडाची झाकणे मूळचीच ठेवली. एकाचा कान तुटला होता, तेवढ्यासाठी नमुना करून नवे ओतून घेतले. आतली तीन नळकांडी जाड स्टेनलेसची, मूळ मापाची, मूळ भोकांची. वर काळा उष्णतारोधक रंग. सडलेले जुने पत्रे काकांनी फेकले नाहीत. तारीख लिहून माळ्यावर ठेवले. पुतण्याने पहिल्यांदा गाडी सुरू केली तेव्हा थोडा हिरमुसला खरा, कारण आवाज हवेलीतल्या जुन्या शिवणयंत्रासारखा, मंद आणि एका लयीचा निघाला. शेजारच्या आजी मात्र बाहेर येऊन म्हणाल्या, “काय रे, आज धडधड नाही? बरं झालं बाई!”

●

जुन्या वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिसला एक सनद झाली होती. तिच्या वळणावर जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२-१३ मध्ये ट्युरिन सनद तयार केली. तिचा मथितार्थ असा: मूळ शक्य तितके राखा, बदल करावाच लागला तर तो नोंदवा, आणि शक्यतो असा करा की पुढच्याला तो काढून पुन्हा मूळ रूप आणता येईल. सायलेन्सरच्या बाबतीत हे अगदी सहज साधते. तो बोल्टने बसतो, बोल्टने निघतो. गाडीच्या चॅसीला भोक पाडून किंवा वेल्डिंग करून बसवलेला मात्र कायमचा डाग ठेवतो.

आपल्याकडे २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नासहून अधिक वर्षे झालेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी-चारचाकी वाहने त्यांत येतात. चॅसी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला चालत नाही. या व्याख्येत सायलेन्सरचे नाव नाही. पण १९८९ च्या मोटार नियमांत ते आहे: प्रत्येक मोटारीला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवाच. म्हणजे कायद्याच्या लेखी चॅसी आणि इंजिन हा इतिहासाचा भाग, आणि सायलेन्सर हा शेजारधर्माचा. मला ही विभागणी पटते.

बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यात २०२३ च्या जानेवारीत जुन्या गाड्यांचा मोठा सोहळा झाला. तिथे गाड्या हिरवळीवर उभ्या राहिल्या आणि लोकांनी त्या डोळ्यांनी पाहिल्या. दुसरीकडे, महाराष्ट्र-कर्नाटकातल्या अनेक शहरांत पोलिसांनी तरुणांच्या मोटारसायकलींचे कर्कश सायलेन्सर काढून घेतले आणि ढीग करून रोडरोलरखाली चिरडले. ती चित्रे पाहताना मला ब्रुकलँड्सचे बंगलेवाले आठवले. खटका गेला, सायलेन्सर बदलण्याची दुकाने आली. हौस तीच आणि वैतागही तोच.

मोटारीचा प्रत्येक भाग मालकाच्या सोयीसाठी असतो: गादी त्याच्या पाठीला, दिवे त्याच्या डोळ्यांना, इंजिन त्याच्या घाईला. एकटा सायलेन्सर आहे तो दुसऱ्यांसाठी. घोड्यासाठी तो जन्मला, वेब्रिजच्या झोपमोड झालेल्या माणसांनी त्याला आकार दिला, आणि तो सडला की पहिला त्रास होतो तो मागे बसलेल्याला आणि पुढच्या दारातल्या म्हातारीला. म्हणून जुन्या गाडीचा सायलेन्सर सुधारताना कारखान्याच्या जुन्या चित्राला जरूर विचारावे, मिस्त्रीला विचारावे, आणि एकदा गाडी सुरू करून शेजाऱ्याच्या अंगणात उभे राहून ऐकावे.